वीतभर माती

कार्यालयात त्यांना सगळे चौकटवाले म्हणत. मुळात ते सुतार. जमिनीची पाहणी करणाऱ्या त्या कार्यालयात ते लागले ते खुर्च्यांचे मोडके पाय बसवायला, आणि जन्मभर अडकले मातीत. झालं असं, की तेव्हाच्या साहेबांना जमिनीचे उभे काप काढून भिंतीवर टांगायचे होते. जमीन वरून कशी आहे ते कोणालाही दिसतं; ती आत कशी आहे ते लोकांना बघता यावं, असं साहेबांच्या मनात. त्यांनी चौकटवाल्यांकडून एक लांबट पेटी करून घेतली. पण त्या पेटीत माती न मोडता आणायची कशी, तिथे घोडं अडलं. दोन शिपाई आणि एक कारकून हात टेकून बसले, तेव्हा चौकटवाले बाह्या सरसावून खड्ड्यात उतरले. ते जे उतरले ते निवृत्ती तोंडावर आली तरी वर आलेच नाहीत, असं त्यांची बायको म्हणे.

काम सांगायला सोपं. माणूस आत उभा राहील एवढा खड्डा खणायचा, त्याची एक बाजू सुरीने लोण्यासारखी साफ करायची, तिच्यावर पेटी दाबून बसवायची आणि मागून माती कापत कापत अख्खा काप पेटीसकट बाहेर काढायचा. मग तो कार्यशाळेत आणून वाळवायचा, पाठीला लाख पाजायची, फळीवर चिकटवायचा आणि तोंडाच्या बाजूने टोचणीसारख्या आरीच्या टोकाने कण न् कण मोकळा करायचा, म्हणजे मुळं, किड्यांची भोकं, भेगा, सगळं जमिनीत होतं तसं दिसतं. सांगायला सोपं म्हटलं. करायला बसलं की पाठीचा काटा ढिला होतो. एकदा तर एक काप टेबलावर उलटवताना सगळाच्या सगळा चौकटवाल्यांच्या पायावर आला होता. पायाचं त्यांना काही वाटलं नाही, कापाचं मात्र आठवडाभर सुतक पाळल्यासारखं तोंड करून ते वावरत होते.

पहिल्या मजल्यावरच्या लांब व्हरांड्यात हे काप ओळीने टांगलेले होते. नदीकाठची गाळाची माती, पापुद्र्यावर पापुद्रा चढवल्यासारखी. सखल भागातली काळी, वाळून फाटलेली. जंगलातली तांबडी, खारपट, रेताड, सगळ्या. आणि सगळ्यांच्या चौकटी एका मापाच्या, माणसाच्या उंचीच्या, हा चौकटवाल्यांचा हट्ट. एखादा नवा साहेब म्हणायचा की जागा वाचवायला थोडी लहान चालेल, तर हे ऐकू न आल्यासारखं करून लाकूड तासत बसायचे. व्हरांड्यातून जाताना ते प्रत्येक चौकट बोटाने जरा सरळ करून जात. ती सरळच असायची.

त्या ओळीच्या टोकाला, खिडकीपाशी, एक खिळा रिकामा होता. डोंगरमाथ्याच्या मातीचा तो खिळा. ज्वालामुखीतून आलेल्या खडकावर जी उथळ, दगडगोट्यांची माती धरते, तिचा काप काढायचा राहून गेला होता. एकदा प्रयत्न झाला होता, पण जीपला पहिल्या वळणावर हिसका बसला आणि पेटीत नुसती खडी उरली. पुढे प्रत्येक साहेबाने तो विषय पुढच्या साहेबावर सोडला. चौकटवाल्यांनी त्याचा कधी आग्रह धरला नाही, आणि त्याचं कारण कार्यालयात कोणाला ठाऊक नव्हतं. तो डोंगर त्यांचा होता. ते तिथेच जन्मले होते.

त्या डोंगरावर कुदळ मारली की पहिला घाव मातीत आणि दुसरा दगडावर. वीतभर माती, तीही अर्धी खडी. खाली मुरूम, मुरमाखाली कातळ. पाणी ओतलं की बघता बघता गडप; संध्याकाळी भिजवलेलं सकाळी कोरडं. गवत मात्र त्यात भलतं गोड यायचं, शेळ्या त्याच्यावर तुटून पडत. दर वर्षी शेतातले दगड वेचायचे आणि दर वर्षी तेवढेच पुन्हा वर यायचे. आमच्याकडे दगडाचं पीक कधी बुडत नाही, असं त्यांचे वडील येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. वडिलांनी उतारावर दगडांचे बांध घातले होते आणि बांधांच्या मागे ओढ्याकाठची माती पाटीपाटीने वर आणून भरली होती. एक पाटी वडिलांच्या डोक्यावर, एक ताईच्या, एक धाकट्याच्या. हा धाकटा म्हणजे पुढे झालेले चौकटवाले. मिसरूड फुटायच्या वेळेला एके दिवशी त्यांनी अर्ध्या वाटेत पाटी टाकली आणि वडिलांना तोंडावर सांगितलं, की दगड उचलायला मी जन्माला आलेलो नाही. ताईने गाठोडं बांधून दिलं आणि ते गाव सोडून आले.

वडील गेले, बांध राहिले, आणि बांधांपाशी ताई राहिली. चौकटवाले अधूनमधून जात, कपडे, औषधं, नवा कंदील नेऊन देत. ताईने त्यांना कधी शब्दाने दुखवलं नाही. उलट तिने चार गोष्टी सुनावल्या असत्या तर बरं, असं त्यांना वाटायचं. ती स्वतः मात्र शहरात कधी आली नाही. लग्नाला, बारशाला, नव्या घराला, प्रत्येक वेळी एखादी शेळी तरी व्यायची किंवा एखादा बांध तरी ढासळायचा. भावाने आयुष्यभर काय काम केलं ते तिने डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं, आणि चौकटवाल्यांच्या मनाला हे फार लागलेलं होतं.

निवृत्तीला थोडे महिने उरले तेव्हा मॅडमनी त्यांना बोलावलं. या मॅडम मातीतल्या जाणकार, अभ्यास मोठा आणि आवाज लहान. व्हरांडा आता लोकांसाठी रीतसर खुला करायचा होता, तुम्ही जायच्या आधी तो रिकामा खिळा भरू या, असं त्यांनी सांगितलं. जिन्यावरून पडून त्यांचा गुडघा प्लॅस्टरमध्ये होता, म्हणून डोंगरावर त्यांना जाता येणार नव्हतं. जागा तुम्हीच निवडा, त्या म्हणाल्या. अट एकच, माणसाचा हात न लागलेली माती पाहिजे. चौकटवाल्यांनी मान डोलावली. त्यांनी ताईला निरोप धाडला, की आपला डोंगर आमच्या भिंतीवर लागणार आहे, तेव्हा तरी ये. ताईचा उलट निरोप आला: आपला डोंगर? मग येते.

झालं. तिथपासून चौकटवाल्यांची झोप उडाली. ताई येणार, सगळ्या मुलखाच्या मातीसमोरून चालत चालत टोकाला येणार, आणि तिथे काय बघणार? माणसाच्या उंचीच्या चौकटीत वर वीतभर माती आणि खाली नुसता दगड. शेजारी ती काळी, भरलेली, खालपर्यंत माती माती असलेली. मुलं येतील, बोट दाखवून हसतील. चार लोकांत आपल्या माणसाने फाटके कपडे घालून यावं, तसं त्यांना वाटू लागलं. ते चांगले होते, कामात चोख होते, पण डोंगराची लाज त्यांच्या पोटात पाटी टाकली तेव्हापासून होती ती तशीच होती.

डोंगरावर पोचल्यावर ताईने सरळ वरचा उतार दाखवला. तिथे कधी कोणी नांगर घातलेला नव्हता. चौकटवाल्यांनी वर बघितलं, खाली बघितलं, आणि म्हणाले की एवढी उंच पेटी तिथे बसायची नाही, कातळ लागेल. मग तिसऱ्या बांधामागे खणतो. ताई म्हणाली, "कर तुझं," आणि शेळ्यांच्या मागे निघून गेली.

बांधामागची माती खोल होती. पेटी तिच्यात अशी बसली की ड्रायव्हरनेही वाहवा केली. काप एका दमात निघाला, खडासुद्धा हलला नाही. परतताना जीपमध्ये चौकटवाले पेटीवर हात ठेवून बसले होते, आणि मन खात होतं तरी हात काढवत नव्हता.

मॅडम कुबडी टेकत कार्यशाळेत आल्या. त्यांनी काप वरपासून खालपर्यंत पाहिला, भिंग लावून पाहिला, आणि एवढंच विचारलं की ही कुठे मिळाली. चौकटवाले म्हणाले, डोंगरावर. खोटं काहीच नव्हतं. मॅडम बरं म्हणाल्या, वाळू द्या, मग बोलू, असं म्हणून गेल्या.

काप वाळल्यावर ते आरी घेऊन बसले. मध्यावर एका जागी माती मोकळी करताना टोकाला काहीतरी टणक लागलं. त्यांना वाटलं खडा. फुंकर मारली तर निळं दिसलं. आणखी मोकळं केलं तर बोटाच्या पेराएवढी खापरी, निळी, वर पांढरी रेघ. ती त्यांच्या आईच्या सुरईची. सुरई लहानपणी त्यांच्याच हातून फुटली होती, आणि मार चुकावा म्हणून ताईने तुकडे पाटीत मातीखाली घालून बांधामागे नेऊन ओतले होते. चौकटवाल्यांनी आरी बाजूला ठेवली. मग त्यांनी चिमूटभर माती लाखेत कालवली आणि खापरीवर लिंपून टाकली.

व्हरांडा खुला करण्याच्या आठवडाभर आधी ताई आली. बरोबर पिशवीभर शेंगा आणि एक काठी. चौकटवाल्यांच्या बायकोने तिला कुठे ठेवू आणि कुठे नको असं केलं. दुसऱ्या दिवशी ती भावाचा डबा घेऊन स्वतःच कार्यालयात पोचली. तिने आधी सगळा व्हरांडा पाहिला. एकेका चौकटीसमोर थांबायची, नाक जवळ न्यायची, काळ्या मातीसमोर तर हात मागे बांधून कितीतरी वेळ उभी होती. हिच्यात काय येत असेल रे, असं तिने विचारलं, आणि त्यात हेवा नव्हता. हे सगळं तू केलंस, असंही तिने विचारलं. चौकटवाल्यांना आयुष्यात इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

मग कार्यशाळा. टेबलावर डोंगर आडवा ठेवलेला होता. ताई त्याच्यावर वाकली. वरून खाली गेली, खालून वर आली. लिंपलेल्या जागेवर तिचं बोट थांबलं, तिने नखाने हळूच खरवडलं आणि निळं दिसल्यावर बोट उचललं.

"छान काढलंयस," ती म्हणाली. "पण धाकल्या, हा डोंगर नाहीये. ही बाबांची आणि माझी पाठ आहे."

चौकटवाल्यांनी लाखेच्या डब्याचं झाकण लावायला घेतलं. ते वाकडं बसलं. मग ते बोलायला लागले ते भराभर, की खरी माती लावली तर सगळा दगड दिसेल, एवढ्या मोठ्या चौकटीत वीतभर माती बरी दिसत नाही, इथे शहाणी माणसं येतात, लोक हसतील.

"कोण हसणार?" ताईने विचारलं. "मी तर नाही हसणार. तू हसणार का?"

ताईने जेवणाचा डबा टेबलावर ठेवला, गार होतोय म्हणाली, आणि घरी निघून गेली. चौकटवाल्यांनी डबा उघडला नाही. ते जिना चढून मॅडमच्या खोलीत गेले आणि उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. बांध, पाट्या, खापरी, सगळं. मॅडम म्हणाल्या की त्यांना पहिल्या दिवशीच शंका आली होती. जी माती जागच्या जागी होते तिचे थर असतात, ही तर कालवलेली होती. पण तुमच्यासारख्या माणसाने असं का केलं असेल ते मला कळेना, म्हणून थांबले. खाली लावायची माहितीची पाटीसुद्धा मी अजून लिहिलेली नाही. त्या रागावल्या असत्या तर ते चौकटवाल्यांना परवडलं असतं. मॅडम रागवल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं की अजून दिवस आहेत, जाता का?

ते गेले, आणि ताई बरोबर गेली. वरच्या उतारावर तिने काठीने एक जागा ठोकून दाखवली. इथे पेटी दाबायची सोय नव्हती. तेव्हा चौकटवाल्यांनी निराळीच तऱ्हा काढली. उताराची कड छिनीने साफ केली, दिसणाऱ्या प्रत्येक दगडावर खडूने आकडा घातला, आणि एकेक दगड सोडवून ताईच्या हातात द्यायला लागले. ताईने चादर अंथरली होती. तिच्यावर ती ते दगड होते तसे, एकाखाली एक मांडत गेली. आकडे तिला वाचता येत नव्हते, पण एकही दगड चुकला नाही. दगडांमधली माती त्यांनी लाखेत भिजवलेल्या मलमलीवर चिकटवून उचलली.

वर वीतभर काळसर भुरभुरीत माती, गवताच्या मुळांनी विणून काढलेली. मधल्या मातीचा थरच नाही. तिच्याखाली एकदम पिवळट मुरूम, त्यात कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले गोटे. मग कातळ. खडक वितळलेला असताना त्यात हवेचे बुडबुडे अडकले होते म्हणे, त्यांची भोकं तशीच, आणि काही भोकांत पांढरे स्फटिक चमकत होते. कातळातून पातळ चिपा काढताना एका भेगेत चौकटवाल्यांना दोऱ्यासारखं मूळ दिसलं. ते खाली, आणखी खाली गेलेलं होतं, जिथपर्यंत छिनी पोचली तिथपर्यंत. ते थबकले. आपल्या डोंगराला खोली नाही असं ते जन्मभर धरून चालले होते.

"पाणी तिथेच असतं," ताई म्हणाली. "वर काय ठेवलंय? वरचं तासाभरात उडून जातं."

दगडावर दगड बसवत चौकट पुरी झाली. माप तेच, बाकीच्यांएवढंच. फळी इतकी जड झाली की एका खिळ्याचे दोन करावे लागले. मॅडमनी खाली पाटी लावली, तिच्यावर एवढंच, की ही डोंगरावरची उथळ माती आहे, खडकापासून वेगळी व्हायला तिने आत्ता कुठे सुरुवात केली आहे, आणि एवढी व्हायलाही तिला माणसाच्या कितीतरी पिढ्या लागल्या.

जुन्या कापाचं काय करायचं, हा प्रश्न उरला. ताईचं म्हणणं, पाटीभर माती आहे ती, परत टाका बांधामागे. मग तिने लाखेचा वास घेतला आणि आता हिच्यात काय उगवणार म्हणून नाद सोडला. शेवटी तो काप चौकटवाल्यांच्या घरी बाहेरच्या खोलीत लागला. पायाला माती लावून घरात येऊ नका असं सांगण्यात माझं आयुष्य गेलं आणि आता भिंतीवर माती, असं बायको म्हणाली. पण धूळ झटकते तीच. निळी खापरी आता मोकळी केलेली आहे.

खुला झाला त्या दिवशी व्हरांडा भरला होता. शाळेची मुलं आली, काळ्या मातीच्या भेगांत बोटं घालू नका म्हणून ओरडा खाऊन गेली. एक जाडे गृहस्थ डोंगराच्या चौकटीसमोर उभे राहून म्हणाले की हिच्यात तर मातीच नाही. चौकटवाले शेजारीच होते. वर आहे, त्यांनी सांगितलं, जरा मान उंच करा. आणि स्वतःच हसले. मागे ज्याची धास्ती घेतली होती तेच हे हसू होतं.

संध्याकाळी गर्दी ओसरली. ताईची पिशवी भरलेली होती, गाडीची वेळ होत आली होती. निघता निघता ती टोकाच्या चौकटीपाशी थांबली. तिने काठी भिंतीला टेकवली, टाचा उंचावल्या आणि वरच्या काळ्या पट्ट्यावर हाताची वीत धरली. अंगठा खाली मुरमापाशी, करंगळी वर गवताच्या मुळांपाशी. बरोबर बसली.

चौकटवाल्यांना तेव्हा बोलल्यावाचून राहवेना. ते म्हणाले, "ताई, मी जाताना बाबांना जे बोललो—"

"गाठोडं मीच बांधलं होतं रे," ती म्हणाली. वीत अजून तशीच होती. "एवढीच होती. पण तू वाढलास हिच्यावर, मीही वाढले. पुरली की दोघांना."

मग तिने हात खाली घेतला आणि काठी उचलली. चौकटवाल्यांनी तिची पिशवी घेतली, तिथून वळताना सवयीने चौकट सरळ करायला बोट पुढे नेलं, आणि न लावताच मागे घेतलं. ते तिला गाडीवर सोडायला गेले.